परत आणलेली किटली

वैनी, तुमची किटली आणली.

शेवटी शेवटी तुम्ही मला एवढंच विचारायचा. सकाळी चहाचा कप घेऊन तुमच्या खोलीत आलो की पहिला प्रश्न, "भावजी, ती किटली आली का वो?" मी म्हणायचो, "आणतो की वैनी. पळून चाललीया व्हय ती?" आणि गाडीची किल्ली उचलून कागलच्या एमआयडीसीकडं निघून जायचो. एकदा तुमची भुणभुण थांबावी म्हणून दुकानातून तसलीच नवी किटली आणून तुमच्या पुढ्यात ठेवली. तुम्ही झाकण उघडून आत बघितलंत, झाकण लावलंत आणि म्हणालात, "ही न्हवं. ती कुणाच्या तरी घरात ऱ्हायलीया. त्यास्नी वाटत असंल, बाई भांडं इसरली."

ती जुनी किटली आता माझ्यासमोर टेबलावर आहे. हात भाजू नये म्हणून दांड्याला तुम्ही गुंडाळलेली साडीची चिंधी अजून तशीच आहे. किटलीबरोबर तुमच्यासाठी एक निरोपही आहे. तो कसा पोचवायचा ते कळेना, म्हणून लिहायला बसलो.

दादा गेला तेव्हा मी कॉलेज सोडून घरी बसलेला तुमचा धाकटा दीर होतो. मंगळवार पेठेतल्या आपल्या घराच्या खालच्या खोलीत तुम्ही चार बाकडी मांडलीत आणि खानावळ सुरू केलीत. मटण आणायचं काम माझं, बाकी सगळं तुमचं. तालमीतली पोरं आली, मग कचेरीतले लोक, मग बाहेरगावचे पावणे. तांबडा आणि पांढरा रस्सा मागेल तितका वाढायचा, हे कोल्हापुरात सगळीकडंच आहे. तुमच्याकडं तो मागावा लागत नसे. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही ताटं बघायचा. भाकरी उरली आणि वाटी रिकामी झाली की तुम्ही रस्सा घेऊन हजर. रस्सा उरला आणि भाकरी संपली की भाकरी. दोन्ही एकदमच संपेपर्यंत माणसाला उठायची सोय नव्हती. बँकेचे एक नवीन साहेब विदर्भातून आले होते. पोट भरलं म्हणून त्यांनी वाटीवर हात धरला. तुम्ही रस्सा घेऊन तशाच उभ्या. म्हणालात, "सायब, हात काढा. भाजंल." त्यांनी काढला. पुढं बदली होईपर्यंत ते दर रविवारी यायचे आणि तुम्ही दिसलात की आधीच हात मांडीवर ठेवून बसायचे.

खानावळ बंद करताना तुम्ही पातेल्यात डोकावायचा. तळाशी रस्सा दिसला की तुमचा चेहरा उतरायचा. "रस्सा उरला म्हंजी आज कोणतरी अर्धपोटी उठून गेलं," असं म्हणायचा. मी म्हणायचो, "वैनी, अंदाज चुकला असंल, जास्त झाला असंल." तुम्हाला ते कधीच पटलं नाही.

आपला मोठा वाद संपला नाही. माझी बाजू मी आजही तशीच मांडेन, कारण ती खोटी नव्हती. मटण महागलं, खोबरं महागलं, खसखशीचं तर विचारू नका. हायवेला पार्किंगवाली हॉटेलं उभी राहिली. तिथं परातीएवढी थाळी मिळते आणि लोक जेवायच्या आधी तिचा व्हिडिओ काढतात. लॉकडाऊनमध्ये बाकडी उलटी करून ठेवली आणि आपली माणसं गडहिंग्लजकडं आपापल्या गावी गेली. त्यातली बरीचशी नंतर कारखान्यात लागली. तिथं पीएफ आहे, रविवारची सुट्टी आहे. रविवारी पातेली घासायला आपल्याकडं कोण परत येणार होतं? मग घरपोच जेवणाच्या अ‍ॅपवाला आला. सुरुवातीला कमिशन थोडं होतं. मग वाढलं. मग गिऱ्हाइकाला सूट द्यायची ती आपल्या खिशातून, आणि यादीत वर दिसायचं तर जाहिरातीचे पैसे निराळे. आपण आपल्याच गल्लीतल्या लोकांना दिसावं म्हणून पैसे भरत होतो. तुम्ही विचारलंत, "मग ह्यात आपलं काय?" मी म्हणालो, "टिकायचं, वैनी. सध्या टिकणं म्हणजेच नफा." हे वाक्य मी एका कार्यशाळेत ऐकलं होतं.

मग त्याच स्वयंपाकघराची मी अ‍ॅपवर हॉटेलांची तीन नावं लावली. मटणाचं एक, बिर्याणीचं एक आणि पिठलं-भाकरी, झुणका, वरणभाताचं एक. सगळे असंच करतात. तुम्ही म्हणालात, "एका चुलीवर तीन घरं मांडलीसा व्हय?" आणि हसलात. तुम्ही हसलात म्हणजे तुम्हाला चाललं, असं मी धरलं.

तिन्ही नावांच्या डब्यांवर तुमचाच फोटो. त्यासाठी मी तुम्हाला शाहूपुरीतल्या स्टुडिओत नेलं. आयुष्यात पाचवारीशिवाय काही नेसला नाहीत, तिथं तुम्हाला नऊवारी नेसवली, नाकात उसनी नथ घातली आणि हातात लाकडी डाव दिला. तुम्ही त्या फोटोग्राफरला म्हणालात, "ह्यानं रस्सा ढवळत्यात हे तुला कुणी सांगितलं रं? ह्यानं रांगोळी पुसायची." तो म्हणाला, "मावशी, जरा गोड हसा." तुम्ही हसलात, ते त्याच्या अज्ञानाला. फोटो चांगला आला. त्यात तुम्ही सोडून सगळं होतं.

शेवटी बाकडी मोडीत काढली. तिथं आता लोखंडी रॅक आहेत, त्यावर डब्यांचे ढीग आणि तीन डीप फ्रीज. भंगारवाला बाकडी टेम्पोत चढवत होता तेव्हा तुम्ही ओलं फडकं घेऊन एकेक बाकडं पुसून देत होता. तो म्हणाला, "राहू द्या आजी, तोडायचीच हायत." तुम्ही पुसत राहिलात. मी फोनवर होतो. कागलच्या युनिटचं चाललं होतं. पाकिटातला रस्सा, सहा महिने टिकणारा, पुण्यामुंबईच्या दुकानांसाठी.

डब्याबरोबर तांबडा आणि पांढरा एकेक कप. वर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला, सांडायला नको म्हणून. तो कप तुम्ही उजेडात धरलात. "एवढाच? ह्यात भाकरीचा पयला तुकडा भिजंल." पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, उकळी आली की फाटतो. म्हणून मी कपावर बारीक अक्षरात तशी सूचना छापली. ती कुणी वाचत नाही. लोक खळाखळा उकळतात आणि मग फाटलेल्या रश्श्याचा फोटो टाकतात.

संध्याकाळी तुम्ही लसूण सोलत बसायचा आणि मी तुम्हाला गिऱ्हाइकांचे शेरे वाचून दाखवायचो. ते नसतं केलं तर बरं झालं असतं. 'चव मस्त, रस्सा कमी.' 'रस्सा कमी दिला.' 'बाकी ठीक, रस्सा पुरत नाही.' तुमचा हात थांबायचा.

"कोण म्हणालं? कुठं ऱ्हातोय त्यो?"

"वैनी, तसं कळत नाही. नाव अर्धंच येतं."

"मग जेवला कसा त्यो? उरल्याली भाकरी कशासंगं खाल्ली?"

"खाल्ली असेल कशाबरोबर तरी."

तुम्ही परत लसूण सोलायला लागायचा. मला वाटायचं, विषय संपला.

विषय इकबालकडं गेला होता. इकबाल पूर्वी रिक्षा चालवायचा आणि तुमच्या बाकड्यावर जेवायचा. रिक्षा परवडेना म्हणून चाळिशीत पाठीला डब्यांची बॅग लावून अ‍ॅपची कामं करायला लागला. ऑर्डर तयार होईपर्यंत जे कोण ताटकळत बसायचे त्यांना तुम्ही मागच्या दारात भाकरी-रस्सा वाढायचा, ते मला माहीत होतं. मी कुरकुरत का होईना सोडून दिलं होतं. पण डबा पोचवून आलेल्या इकबालच्या हातात तुम्ही ही किटली देता, ते मला माहीत नव्हतं. "जा, त्याच घराकडं जाऊन ये. म्हणावं, वैनींनी वाढायला पाठवलंय." दुसरी ऑर्डर पडायच्या आत तो पळत जायचा, बेल वाजवायचा, किटली पुढं करायचा. अख्ख्या कोल्हापूरची तुम्ही पंगत मांडली होतीत. इकबाल सांगतो, पेठांमधले लोक फारसं काही विचारत नसत. आत जाऊन वाटी घेऊन यायचे, दारात धरायचे आणि म्हणायचे, "पांढरा न्हाय व्हय आणला?"

मला कळलं तेव्हा मी खूप हसलो. दोनचार जणांना सांगितलं. त्यातला एक जाहिरातीचं काम करणारा होता, तो म्हणाला, "याचा व्हिडिओ करा, चालेल." मी तेही मनात घोळवलं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मग ती तक्रार आली. रंकाळ्याच्या पलीकडं नवीन अपार्टमेंट झालंय, तिथल्या एका बाईंची. घरात एकट्या होत्या. डबा देऊन गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला, बेल वाजवत राहिला, हातात काहीतरी होतं. त्यांनी दार उघडलं नाही, कंपनीला फोन लावला. इकबाल किटली दाराशी ठेवून निघून आला. त्यांचं काहीच चुकलं नाही. मीही माझ्या मुलीला हेच सांगितलं असतं. कंपनीनं इकबालचं काम थांबवलं आणि आपली तिन्ही नावं शनिवार-रविवार बंद ठेवली. रविवारी, वैनी. पातेली भरलेली होती.

मी खाली आलो आणि सगळ्यांच्या देखत बोललो. "हे तुमचं घर न्हाय वैनी, धंदा हाय. लोकांच्या दारात जाऊन वाढायला तुमास्नी कुणी सांगितलं?"

तुम्ही म्हणालात, "घरात कुठं शिरला त्यो? भाईरच हुता की." आणि पुढं, "भ्याली व्हय ती? एकटी असंल बिचारी. मग जेवली का न्हाय?"

"ती जेवली का नाही याचं आपल्याला काय करायचंय?"

हे मी बोललो. मटणाच्या खानावळीच्या मालकानं, तुमच्या हातचं खाऊन वाढलेल्यानं. शेगडीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि जिना चढून वर गेलात. त्यानंतर स्वयंपाकघरात आला नाहीत. मी कधी या म्हटलं नाही. लसूण टोपलीतून वर यायचा आणि सोललेला खाली जायचा. इकबाल दुसऱ्या कंपनीत लागला. तुमचं आणि माझं बोलणं चहापुरतं उरलं आणि त्या चहात किटली आली. तिची चौकशी करताना तुम्ही दुसरंच काहीतरी विचारत होता का, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

त्या सकाळी चहा घेऊन आलो तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत.

तुम्हाला पोचवून आम्ही घरी आलो. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या बायका कडू घास आणणार होत्या, पण त्यांच्या भाकऱ्या थापून व्हायच्या होत्या. तेवढ्यात इकबाल दारात दिसला. दोन्ही हातांत पिशव्या. नव्या कंपनीचा टी-शर्ट, डोळे लाल.

"मालक, ऑर्डर पडली. दुसरं कोण आणण्यापरास म्हटलं मीच आणतो."

तुमच्या पुण्याच्या भाचीला वेळेत पोचता येईना. तिनं मायेपोटी मोबाईलवरून घरच्यांसाठी पिठलं-भाकरी मागवली होती. तिला वाटलं, कुठल्यातरी हॉटेलचं आहे. ते आपलंच तिसरं नाव होतं. खालचं स्वयंपाकघर मी बंद केलं होतं. राजारामपुरीत मी दुसरं काढलं होतं, त्यांना कळवायचं राहून गेलं. तुम्ही गेला होता आणि तुमच्या खानावळीची ऑर्डर घेऊन, पॅक करून, त्यांनी तुमच्याच घरी पाठवली.

पिशव्या उघडल्या. प्रत्येक झाकणावर तुम्ही. नथ, नऊवारी, लाकडी डाव. माझ्या बायकोनं एकेक झाकण काढून पालथं घातलं. भाकरी सगळ्यांना मिळाली. पिठलं कपातलं, मोजून भरलेलं, तिसऱ्या पानावरच संपलं. शेजारच्या बारदेसकरांच्या म्हातारीनं आपल्या घरून पातेलं आणवलं आणि वाढता वाढता म्हणाली, "वैनीच्या घरात कधी असं झालं नव्हतं." ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं.

भिंतीवर लावायला तुमचा दुसरा फोटो सापडला नाही. आधार कार्डावरचा मोठा केला तर फुटतो. लग्नातल्या फोटोत तुम्ही मान खाली घालून आहात. तोच स्टुडिओतला लावला. वर हार घातलेला आहे, खाली रॅकवर ढिगानं बिनहाराचे आहेत.

दिवसकार्य उरकल्यावर त्या अपार्टमेंटला गेलो. पत्ता इकबालला पाठ होता. दार साखळी लावून उघडलं गेलं.

"किटली न्यायला आलोय," मी म्हणालो. "स्टीलची. दाराशी ठेवली होती."

"अहो, मी कंपनीला कितीदा सांगितलं. कुणी आलंच नाही न्यायला." साखळी निघाली. तिशीच्या बाई होत्या, नोकरीसाठी सोलापूरहून आलेल्या. किटली फ्रीजवर होती, घासून पुसून. त्यांनी ती हातात घेतली, मग म्हणाल्या, "थांबा, रिकामी कशी देऊ?" आणि आत जाऊन तिच्यात मूठभर साखर घालून आणली.

"त्या दिवशी मी फार घाबरले. मिस्टरांची नाईट होती. नंतर दार उघडून बघितलं तर आत रस्सा. मला कळेचना, असं कोण कशाला पाठवेल?"

"खाल्लात?"

त्या ओशाळल्या. "नाही हो. ओतून दिला. कुणी दिलाय ते माहीत नाही, कसा खायचा?"

"वैनींनी पाठवला होता."

"कोण वैनी?"

त्यांच्या ओट्यावर आपलाच एक धुतलेला डबा होता, डाळ ठेवलेला. मी झाकणाकडं बोट केलं. त्यांनी झाकण उचलून नीट बघितलं.

"म्हणजे या खऱ्या आहेत? मला वाटलं, फोटो बनवलाय. हल्ली कॉम्प्युटरवर करतात ना, आजीबिजी."

"खऱ्या आहेत," मी म्हणालो.

'होत्या' म्हणता आलं नाही. त्या दारात उभं राहून तुम्हाला एकदा खरं ठरवायचं आणि लगेच मारायचं, हे मला जमलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना माझं सॉरी सांगा हं. नक्की सांगा." मी म्हणालो, सांगतो.

तर हा निरोप. त्या सॉरी म्हणाल्यात, वैनी. त्यांनी म्हणायचं काही कारण नव्हतं. ज्यानं म्हणायचं होतं तो रोज सकाळी तुमच्यासमोर चहा घेऊन बसत होता.

काल रविवार. सगळं पुन्हा सुरू केलं. बंद ठेवून चालत नाही. यादीत खाली गेलो की वर यायला महिने लागतात, आणि खाली शेगडीवर ज्या बायका आहेत त्यांची घरं यावर आहेत. कागलच्या पाकिटांच्या कराराची सही या आठवड्यात आहे. घेणाऱ्या कंपनीच्या माणसानं हळहळ व्यक्त केली आणि मग विचारलं, "पण फोटो तोच राहील ना?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी रंकाळ्यापलीकडून ऑर्डर आली. त्याच बाई. खाली सूचना लिहिली होती: 'वैनींना सांगा, रस्सा थोडा जास्त पाठवा.'

मी वर जाऊन किटली आणली. साखर एका वाटीत काढून तुमच्या फोटोपुढं ठेवली. किटली तांबड्यानं भरली, झाकण लावलं, चिंधी नीट केली. इकबाल नव्या कंपनीची ऑर्डर घ्यायला मागच्या दारात उभा होता. त्यानं न सांगता हात पुढं केला.

"द्या मालक. जाता जाता देतो."

समोर भिंतीवरच्या स्क्रीनवर ऑर्डरी पडत होत्या. मागच्या वेळची ताकीद मला आठवत होती. परत झालं तर कायमचं बंद. त्या बाई या वेळी तक्रार करणार नाहीत, हे मला माहीत होतं. तरीसुद्धा कुणाच्या लक्षात आलं तर? इकबालचं हेही काम गेलं तर? माझी सही राहिली तर?

"नको," मी म्हणालो.

त्यानं हात मागं घेतला. किटली मी परत पातेल्यात ओतली आणि त्या बाईंच्या डब्यावर नेहमीचे दोन कप ठेवले.

शटर ओढायच्या आधी पातेल्यात डोकावलो. तुमच्यासारखाच, दोन्ही हात कडांवर ठेवून.

रस्सा उरला, वैनी.